दोन मिनिटांचं भूत

अंधार पडला की सुमेध आमचा जिना पाढे म्हणत उतरायचा. दोनाचा, तिनाचा नाही, सतराचा. वर भाडेकऱ्यांची खोली, खाली अंगणात मोरी, मधल्या पायऱ्यांवर एक दिवा, तो लागला तर लागला. "सतरा चोक अडुसष्ट, सतरा पंचे पंच्याऐंशी" असं जोरजोरात ऐकू आलं की मी स्वयंपाकघरात समजायची, डायरेक्टरसाहेब उतरले. आणि हा माणूस भुताचं पिक्चर काढणार होता. मी पदरचं सांगत नाही, आमची सगळी गल्ली साक्षीला आहे.

एकदा मी विचारलंच. "का रे, भुताला भितो का?"

"छ्या! आपण भूत मानत न्हाई मावशी. आमच्या घरात बिलकुल चालत न्हाई ते."

"मंग पाढे कशाला?"

"अंधार मानतो ना."

बाप-लेक दोघंच वर राहायचे. बाप किसनभाऊ, मंठ्याकडच्या खेड्यातले. एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला. फिरत्या रुळांतून लालबुंद सळई सापासारखी सुळकन बाहेर येते, ती चिमट्यात धरून पुढच्या रुळात द्यायची, हे त्यांचं काम. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. सुमेधची आई गावाकडे, सासू आणि शेत सांभाळून. किसनभाऊ म्हणजे मोजून बोलणारा माणूस. भाडं हातात देताना सुद्धा "घ्या ताई" एवढंच. आणि पोरगं म्हणजे तोंडाला कुलूपच नाही.

सुमेध दिसायला काडी. दाढी गालावर एकीकडे उगवायची, दुसरीकडे रुसायची. जालन्याच्या मे महिन्यात काळा टी-शर्ट. दोन्ही हातांची बोटं जुळवून चौकट करायचा आणि तिच्यातून जगाकडे बघायचा. जगाकडे म्हणजे माझ्या तव्याकडे. "मावशी, भाकरी फुगू राह्यली, आता हलू नका, लाइट भारी पडलाय." तिकडे नळ येऊन जायचा, ह्याची बादली कोरडी. काही राहिलं, बिघडलं, करपलं की एकच शब्द, "मूड न्हाई बसला." परीक्षेत नापास झाला तेव्हाही मूडच बसला नव्हता.

हो, नापास झालेला होता. कॉलेजात पत्रकारिता आणि सिनेमा मिळून काहीतरी शिकत होता, त्यात पिक्चर काढण्याचं प्रॅक्टिकल राहिलं होतं. किसनभाऊंनी माझ्यासमोर सांगितलं होतं, आवाज न चढवता. "ह्या वक्ताला पास झाला तर पुढं पुण्याला शीक, मी ना म्हणणार न्हाई. न्हाई झाला तर ठेकेदाराला शब्द देऊन ठेवलाय. जून लागला की माझ्यासंगं मिलमध्ये." सुमेधनं तेव्हा मूडचं नावही काढलं नाही.

प्रॅक्टिकल काय, तर भुताच्या पिक्चरची सुरुवात काढायची. दोन मिनिटं. मी विचारलं, मग पुढं? पुढं नाहीच म्हणे, नुसती सुरुवात. म्हटलं, बरं आहे बाबा तुमचं, मांडव घालायचा, वाजंत्री बोलवायची, अन् नवरदेव यायच्या आत घरी जायचं! शिवाय ते दाखवून झालं की उभं राहून सांगायचं, हे करताना मी काय काय शिकलो. किसनभाऊंना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आपण भूत मानत न्हाई अन् पोट्टं भुताचं पिक्चर काढून राह्यलं. गावात विहाराच्या पायरीवर बसू देतेत का बघ आता मला."

भूत कोण? मी.

"मावशी, तुमच्या चेहऱ्यात ते आहे."

"काय आहे?"

"ते... वातावरण."

"मेल्या, ह्याच वातावरणासंगं तुझे काका जन्मभर जेवले."

आता पांढऱ्या साडीचं सांगते. मालक गेले तेव्हा आमच्या जाऊबाई पांढरं पातळ घेऊन आल्या होत्या. मी चहा पाजून पातळासकट परत पाठवलं. आजतागायत मी लाल, मोरपंखी, जांभळं नेसते. जे जाऊबाईंना जमलं नाही ते ह्या पोरानं भुताच्या नावाखाली करून दाखवलं. नेसता नेसता मी म्हटलं, "का रे, तुमची भुतं सगळी बायाच का? अन् सगळ्या पांढऱ्याच का? एखादं पँट-शर्टातलं, टेबलाच्या मागं बसणारं, 'उद्या या' म्हणणारं भूत काढ की. त्याला तर सगळा जिल्हा भितो." तर म्हणाला, "मावशी, त्याच्यात मूड न्हाई बसत."

शूटिंग भर दुपारी. का, तर डायरेक्टर अंधारात उतरायला तयार नाहीत. म्हणून माझ्या मधल्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या ठोकल्या, वर काळी ताडपत्री. बाहेर उन्हाचा वणवा, आत भट्टी. माझ्या तोंडाला पावडर थापली, ती घामानं ओघळून मानेपर्यंत आली. एका मडक्यात ऊद पेटवून धूर केला. वारा पाहिजे म्हणून कूलर लावला, त्यातलं पाणी काढायचं कोणाच्याच डोक्यात नाही, तेव्हा भुतावर तुषारसिंचन सुरू. त्याच्या वर्गातली अंबडची अश्विनी हिरॉइन. तिनं दार उघडायचं, मी वळायचं, तिनं किंचाळायचं. पोरगी अशी किंचाळली की शेजारच्या शकीलाआपा हातात उलथनं घेऊन धावत आल्या. "क्या हुआ बाजी, क्या हुआ?" मला पाहिलं आणि दारातच थबकल्या. "या अल्ला! इतना पावडर?"

पण खरी अक्कल पुढंच. भुताचे पाय उलटे असतात. ते कसे दाखवणार? सुमेधनं शोध लावला. मी उलटं चालायचं आणि नंतर कॉम्प्युटरमध्ये पिक्चर उलटं फिरवायचं, म्हणजे भूत सरळ येताना काहीतरी विचित्र दिसेल. गुडघे धरून मी उलटी चालले. दोनदा पाटावर आपटले. "भारी मावशी, बराबर!" हा तिकडून. पोराच्या डोळ्यात अशी चमक होती की मला नाही म्हणवेना. त्याचं वर्ष त्या उलट्या पावलांवर टांगलेलं होतं, हे त्यालाही माहीत आणि मलाही.

दाखवायच्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये आम्ही सगळे गेलो. किसनभाऊ दिवसपाळी करून तसेच आले, भुवयांवर लोखंडाची काळी भुकटी घेऊन. सर पुढं बसलेले. ह्या सरांनीही कधीकाळी एक पिक्चर काढलंय म्हणतात. ते पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

दिवे गेले. दार करकरलं. चांगलं चाललं होतं. मग मी आले. विचित्र दिसले, त्यात वाद नाही. पण पिक्चर उलटं फिरवलं की नुसती म्हातारी उलटी फिरत नाही, सगळंच फिरतं! मडक्यातला धूर शहाण्यासारखा परत मडक्यात जाऊन बसू लागला. माझ्या तोंडावरचे पाण्याचे थेंब उडून कूलरमध्ये घरी निघाले. आणि मी गर्रकन वळले त्या क्षणाला मागून गल्लीतला आवाज, तो तेवढा उलटा फिरवायचा राहिलेला, स्वच्छ, खणखणीत: "भंगाऽऽर! डबा, बाटली, लोखंड, भंगाऽऽर!" हॉल असा हसला, असा हसला की पुढच्या रांगेतली एक मुलगी खुर्चीवरून घसरली. खोटं कशाला बोलू, मीही हसले. फक्त दोन माणसं हसली नाहीत. एक उभा होता, एक माझ्या शेजारी बसला होता.

मग काय शिकलो ते सांगायची वेळ. आदल्या दिवशी त्यानं मला भाषण ऐकवलं होतं, "प्रकाश आणि छाया यांच्या द्वंद्वातून" असलं काहीतरी. मला वाटलं आता ते द्वंद्व येतंय. पण तो म्हणाला, "सर, मी हे शिकलो की कूलरमधलं पाणी आधी काढावं." पुन्हा हशा. तो थांबला. "अन् मला कळून राह्यलं की मला ज्याचं भेव वाटतं ते मी काढलंच न्हाई. दुसऱ्यांनी पिक्चरमध्ये घातलेलं भेव उचलून आणलं. ते मला वाटत नव्हतं, मंग लोकांना कुठून वाटंल?"

सर म्हणाले, "अच्छा. मग तुम्हाला भीती कशाची वाटते?"

सुमेधनं आमच्या रांगेकडं पाहिलं. किसनभाऊ नखातली काळी भुकटी काढत होते. सरांनी घड्याळ पाहिलं. "बसा."

नापास.

जून लागला आणि तो बापामागून मिलमध्ये गेला. त्याला थंड झालेल्या सळयांचे भारे बांधायला ठेवलं. संध्याकाळी दोन काळी माणसं जिना चढायची, मागचं कोण आणि पुढचं कोण हे चालीवरून ओळखायचं. बोटांची चौकट बंद झाली. भाकरी फुगली तरी हा आपला ताटाकडं बघून जेवायचा. मला त्या गप्प पोराचा कंटाळा आला, खरंच सांगते.

मग मिलमध्ये कोणीतरी तपासणीला येणार असं निघालं. मॅनेजरला सेफ्टीचा व्हिडिओ पाहिजे होता, दोन मिनिटांचा, टीव्हीवर लावायला. कोणीतरी सांगितलं, भारे बांधणारं पोरगं पिक्चर काढतं. सुमेधनं आपल्या मोबाइलवर काढला आणि पहिल्यांदा मला दाखवला. मी ओट्यावर मेथी निवडत होते.

त्यात पांढरं नाही, धूर नाही. नुसता मिलचा आवाज, कान फाटतील असा. आणि किसनभाऊंचा चेहरा, लाल उजेडात. सळई दिसत नाही, फक्त त्यांचे डोळे डावीकडून उजवीकडं जातात. पुन्हा. पुन्हा. मग एकाएकी आवाज बंद. एकदम बंद. किसनभाऊंचे डोळे एका जागी थांबलेले. मागची सगळी माणसं एकाच बाजूला मान वळवून बघतात. संपलं.

मेथीची काडी माझ्या हातात तशीच. "अरे, काय झालं? कोणाला काय झालं?"

"काहीच न्हाई झालं मावशी. लाइट गेल्ती. पण मिल मधीच बंद पडली की सगळे आधी असंच बघतेत. कोण उभं हाय, कोण न्हाई. मिल चालू हाय तोवर कोणी भीत न्हाई. आवाज थांबला की भितेत. मी तेवढं बघणं धरलं."

मॅनेजरनं पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अरे बाबा, सेफ्टीचा व्हिडिओ सांगितला, तू भुताचं पिक्चर काढलं! हे दाखवलं तर उद्या कामाला कोण येईल?" म्हणजे बघा, ज्याला भूत काढ म्हटलं तेव्हा लोक हसून लोळले, त्याला सेफ्टी काढ म्हटलं तेव्हा मॅनेजरला घाम फुटला. मग दुसऱ्या कोणाकडून नवा व्हिडिओ झाला. लग्नाच्या व्हिडिओत असते तशी पिपाणी, सगळ्यांच्या डोक्यावर नवी कोरी हेल्मेटं, अजून प्लास्टिक न काढलेली, आणि एकेक जण अंगठा वर करून हसतो. पहिला हसणारा माणूस आमचे किसनभाऊ. हेल्मेटं संध्याकाळी जमा करून घेतली. तपासणी झकास झाली म्हणे.

पोराचा व्हिडिओ किसनभाऊंनी त्यानंतर पाहिला, आमच्याच ओट्यावर, उभ्या उभ्या. मोबाइल परत दिला. मोरीवर जाऊन हात धुतले, बराच वेळ धुतले.

"मी असा दिसतो व्हय?"

"हो."

"तू उद्यापासून येऊ नको."

"ठेकेदाराला काय सांगता?"

"ते माझं मी बघतो."

"अन् तुम्ही?"

"मला तिथं कुठं उभं राहावं ते कळतं." आणि जिना चढून गेले.

पुढच्या परीक्षेला सुमेधनं तीच दोन मिनिटं भुताच्या पिक्चरची सुरुवात म्हणून लावली. ह्या वेळी हॉलमध्ये खोकल्याचाही आवाज नाही. सरांनी विचारलं, "पण यात भूत कुठे आहे?" तरी पास केलं. भुताचे मार्क कापून घेतले असतील, पण पास केलं.

पुण्याला निघाला त्या दिवशी बापाची दिवसपाळी होती, स्टँडवर मीच गेले. मी आपली लाडू, चटणी त्याच्या पिशवीत कोंबत होते, आणि हा म्हणतो, "मावशी, एक काम करा. बाबा ड्यूटीवरून घरी आले की मला एक मिस कॉल द्या. उचलणार न्हाई मी, तुमचा बॅलन्स जाणार न्हाई."

"अरे, बापालाच लाव की."

"ते म्हणतेत, रोज रोज काय इचारतो."

मी देत राहिले. पाळी सुटून किसनभाऊ फाटकातून आत आले की एक रिंग, कट. एकदा अंबडला भाचीच्या लग्नात गेले, फोन पिशवीत, पिशवी आहेराखाली, आणि डीजे असा की जवळच्या माणसाचं ऐकू येईना. मिस कॉल राहिला, पोराचे फोनही ऐकू आले नाहीत. इकडं किसनभाऊ दिवसपाळी करून आले, फोन बंद करून झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी घरी आले तर ओट्यावर सुमेध. बूट पायातच. डोळे तांबारलेले. वरून किसनभाऊ दात घासत उतरले.

"कधी आला रे?"

"आत्ताच."

"सुट्टी हाय का?"

"हो."

"बरं. च्या घे."

त्यानं उभ्यानंच चहा घेतला आणि पुढच्या गाडीनं पुण्याला परत गेला. किसनभाऊ तो गेला त्या दिशेला बघत राहिले. मला म्हणाले, "ताई, ही कसली सुट्टी?" मग मी मिस कॉलचं सगळं सांगितलं. ते डबा घेऊन कामाला गेले.

त्या संध्याकाळी आले आणि हात धुवायच्या आधी अंगणात तसेच उभे राहिले. काळ्या बोटांनी फोन दाबला, कानाला लावला, लगेच काढला.

मी दारातून विचारलं, "लागला का?"

"काय लागला? टाइम बघून राह्यलो ताई."