बोनेटवरचे गोल

सुमन, फोन कानाले नीट लाव वं. सख्खी नणंद तू माही, अन् वर्षभर माहेरचं तोंड नाई पाह्यलं, काऊन?

तुह्या दादाच्या गुडघ्यानं आता क्लच दबत नाई, म्हणून गाडी विकली. काल त्यानं शेवटचं पुसाले मेणाचा डबा उघडला, अन् त्या वासानं मी गाडी आली त्या दसऱ्याले जाऊन पोचली. तुही माय सकाळीच राख अन् काथ्या घेऊन अंगणात! पूजेचं पितळ घासावं तशी तिनं गोल गोल हात फिरवत नवीकोरी गाडी घासली. "पाह्य बाप्पा, कशी लख्ख केली!" दादा आंघोळीतून ओल्या अंगानंच धावत आला. मग म्हणे, "लय चमकली वं माय."

बोनेटभर गोल गोल ओरखडे उमटले होते, म्हणून आर्वीहून मेण आणलं. दुकानदार म्हणे, मेणानं चमक येते, खोल ओरखडा जात नाई. तेव्हा मले रडूच आलं होतं. आता माय नाई, पण उन्हात ते गोल दिसले की वाटते, तिचा हातच फिरून राह्यला.

घेणारा सोमवारी नेऊन नवा रंग मारणार हाय. त्याले काय सांगू, रंगवू नको म्हणून? तू त्याआधी येजो वं, एकदा हात फिरवून जाजो.