मावशीची मान डोलली तेव्हा

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी नाशिकच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो. इंदिरानगरला आमच्याच इमारतीत मेंदूविकाराचे एक डॉक्टर राहायचे. कंपवाताची सुरुवात होताना मेंदूत नेमकं कुठे काय बदलतं, हे एमआरआयच्या चित्रांवरून गणितानं ताडता येईल का, असं त्यांनी एकदा विचारलं. मी हरखून हो म्हणालो.

रुग्ण त्यांच्याकडे होतेच. अडचण होती ती धडधाकट म्हाताऱ्यांची, कारण तुलनेला तेही हवेत. पण ज्याला काही झालेलंच नाही, तो एमआरआय मशीनच्या त्या बोगद्यात कशाला शिरेल? शेवटी मी घरचीच माणसं पकडली. सासरे आले, त्यांचे सकाळी फिरायला जाणारे मित्र आले, आणि सटाण्याहून माझी मावशी आली, कांद्यांची पिशवी घेऊन.

सगळ्यांची चित्रं काढून गणिती मॉडेल तयार झालं आणि रुग्ण एकीकडे, निरोगी एकीकडे असे स्वच्छ वेगळे पडले. डॉक्टर खूश! फक्त एक निरोगी व्यक्ती हटकून रुग्णांच्या घोळक्यात जाऊन बसत होती. मावशी.

डॉक्टरांनी तिला लगेच बोलावून नीट तपासलं. हात स्थिर, चाल ठणठणीत.

"मावशी, तुम्हाला काहीही झालेलं नाही," ते म्हणाले.

"ते माले माहीत शे."

"मग मशीनमध्ये तू करत काय होतीस?" मी विचारलं.

"ते मशीन ठकठक ठेका धरस. मी मनमां भजन म्हणत व्हतू. मान डोलनी जराशी."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. मान हलली की चित्र पुसट येतं. कंपवाताच्या रुग्णांना तर स्थिर पडून राहणंच अवघड. म्हणजे आमचं मॉडेल आजार ओळखत नव्हतं, हालचाल ओळखत होतं! आम्ही दोघं इतके हसलो की मावशी रागावली.

मग डोक्याच्या दोन्ही बाजूंना मऊ गाद्या लावून सगळ्यांची चित्रं पुन्हा काढली. तरीही जी थोडी हालचाल उरली, तिचा परिणाम मी गणितातून वेगळा काढला. पहिला भपकेबाज फरक गेला. पण मेंदूच्या खोल भागात एक छोटासा फरक टिकून राहिला, आणि तो कितीही उलटसुलट तपासला तरी हलेना. त्या दिवशी मी घरापर्यंत शीळ घालत गेलो.

मावशीनं आपल्या मेंदूची फिल्म मागून घेतली. सटाण्यात ती उजेडाला धरून सगळ्या गल्लीला दाखवते, असं मावसभावानं फोनवर सांगितलं.