गाडी काट्यावर घ्या!

आमच्या खेळात प्रत्येक गोष्टीला वजन होतं. दोराला, मशालीला, खिशातल्या सुईलासुद्धा! फक्त किश्शांना नव्हतं, म्हणून तेवढे आम्ही मनसोक्त साठवले. आता कधी रिकामा बसलो की एकेक आठवतो आणि करमेनासं होतं.

खेळ साधाच. कागद, पेन्सिल, फासे आणि डोक्यातलं जंगल. सिद्धार्थ सर गोष्ट सांगणार, आम्ही तिघं त्यातली पात्रं. सर शाळेत भूगोल शिकवतात, त्यामुळे जंगलातल्या नद्यासुद्धा बरोबर उताराने वाहायच्या! नियम एकच कडक. कुणीही चाळीस किलोच्या वर ओझं न्यायचं नाही.

आता योगायोग बघा. मी बियाण्याच्या प्लांटमध्ये नमुन्यांचा ओलावा तपासतो. सरांची बहीण वंदना अंगणवाडीत लेकरांची वजनं घेते. आणि अफरोज तेव्हा एमआयडीसीत एका स्टील मिलच्या वजनकाट्यावर. सामानाची वही अर्थातच त्याच्याकडे.

पहिल्याच रविवारी मी वहीत लिहिलं, 'ओझं अंदाजे तीस किलो.' अफरोजने पेन्सिलच खाली ठेवली.

"अंदाजे? दीपकभाऊ, आमच्याकडं ट्रक दोनदा काट्यावर येतो. एकदा भरलेला, एकदा रिकामा. वजा केलं की नेट. त्याबिगर पावती न्हाई!"

सर म्हणाले, "अरे, कल्पनेतला माणूस आहे तो."

"असू द्या ना सर. त्याला काट्यावर घ्या!"

तेव्हापासून वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तीन रकाने पडले. भरलेला, रिकामा, नेट. माझा माणूस रिकामा सत्तर किलो ठरला. एका पिसाचीही सूट नसायची.

एकदा नदी पोहून आलो. काठावर मगर. वंदना तलवार उपसणार तेवढ्यात अफरोज म्हणाला, "थांबा! दोर भिजला. वजन वाढलं."

हा तर माझा विषय! मी विचारलं, "ओलावा किती टक्के धरायचा?" तो म्हणे तीस, मी म्हणे वीस. वंदना वैतागली. "ओली झबली घालून कोनी लेकरू तोलतं का? पिळून घ्या न् मोजा!" मग पिळलेला दोर किती किलो, यावर पुन्हा वाद. चहा झाला, दुसरा चहा झाला.

शेवटी सर म्हणाले, "मगर कंटाळून घरी गेली. चला पुढं."

अफरोज आमची कच्ची यादी मिलच्या जुन्या पावत्यांच्या मागे लिहायचा. एक दिवस घाईत तीच पावती एका भंगाराच्या ट्रकसोबत गेटवर गेली. 'तलवार एक, भाले तीन, विषाची बाटली एक.' वॉचमनने ड्रायव्हरला खाली उतरवलं आणि गादीखालीसुद्धा बघितलं. मग अफरोजला फोन.

"भाले तर सापडले भाऊ, सळयाच दिसून राह्यल्या. पन बाटली कुठं ठिवली?"

मग अफरोजला आखातात नोकरी लागली. तिथेही काट्यावरच! निघायच्या आधीच्या रविवारी बॅग घेऊन तो सरांकडेच आला. विमानात तीस किलोच चालणार. वंदनाने अंगणवाडीतला काटा आणला. अफरोज बॅग उचलून वर उभा राहिला, मग रिकामा उभा राहिला. वजा केलं, बत्तीस. बॅगेतले बूट काढले, एकतीस. चादर काढली. अम्मीच्या लोणच्याला मात्र हात लावू देईना.

तीस भरल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. तो आकडा तीसवर येऊच नये, असं मला सारखं वाटत होतं. आलाच.

जाताना त्याने वही माझ्याकडे दिली. सरांनी जाहीर केलं, "अफरोजच्या पात्राचं गाठोडं जोवर कोणीतरी वागवतंय, तोवर ते पात्र खेळात आहे. टाकलं की संपलं."

गाठोडं मी घेतलं. त्याचं बावीस, माझं अठरा, बरोबर चाळीस. आता मला नवीन काहीच उचलता येईना. जादूची ढाल सापडली, तीही वाटेत सोडून आलो. वंदना दर रविवारी म्हणायची, "टाक ना दीप्या ते! दोन वर्षं झाली, तो कुठं येऊन राह्यला?" मला तिचा राग यायचा, कारण हा प्रश्न मलाही पडायचा.

गेल्या महिन्यात दरी आली. मागे राक्षस, पुढे झुलता पूल. सर म्हणाले, "एकदाच ओलांडता येईल. नेट वीसच्या वर असेल त्याच्यासकट पूल खाली जाईल."

वंदना पार झाली. मी चाळीस. दोघं माझ्याकडे बघत होते. मी अफरोजला फोन लावला. रविवारी त्याची ड्युटी असते, मागे ट्रकचे आवाज येत होते. सगळं सांगितलं आणि म्हणालो, "तुझं गाठोडं टाकावं लागतंय रे."

तो म्हणाला, "वही काढ. भरलेला किती?"

"एकशे दहा."

"रिकामा?"

"सत्तर."

"चुकलं. सत्तर खोड, ब्याण्णव लिही."

सरांनी फोन स्वतःकडे ओढला. "अफरोज, रिकामा माणूस ब्याण्णव कसा काय?"

"दोन साल झाले सर, तो ते गाठोडं उतरवून न्हाई राह्यला. जे उतरतच न्हाई, ते गाडीच्याच वजनात पकडतेत."

वंदनाने माझ्या हातातून पेन्सिल घेतली, वजाबाकी केली आणि वही सरांपुढे सरकवली.

सरांनी बराच वेळ आकडा बघितला. "अठरा," ते म्हणाले. "जा पलीकडं."