कालचंच पान

आमच्या शाळेत संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर प्रत्येकाला आपापलं सूत सांगावं लागे. मुख्याध्यापक एकेकाचं नाव घेत आणि ज्याचं नाव येईल तो बसल्या जागेवरून त्या दिवशी काढलेले तार सांगे. तार म्हणजे चार फूट सूत. कुणी एकशे साठ म्हणे, कुणी तीनशे. टकळीवाले कमी सांगत, चरखेवाले जास्त. बाहेरून आलेल्या पाहुण्याला हे चमत्कारिक वाटे, पण वर्धा जिल्ह्यातल्या बुनियादी, म्हणजे हातउद्योगातून शिकवणाऱ्या गांधीजींच्या पद्धतीच्या शाळांमध्ये ही रीत इतकी मुरलेली होती की जेवणाआधी हात धुण्याइतकीच ती आम्हाला साधी वाटे.

शाळा तळेगावच्या बाजारापासून दीडेक कोसावर, संत्र्याच्या बागांमध्ये होती. पाच शिक्षक, मुख्याध्यापक, स्वयंपाकाच्या बाई आणि वसतिगृहातली पन्नास-साठ मुलं. मी तिथे छप्पन साली रुजू झालो. सर्वांत नवा म्हणून माझ्याकडे पुस्तकांचं कपाट आलं. जुन्या माणसांनी ते काम टाळलं होतं, कारण कपाटाला सारखी वाळवी लागे.

लहानपणी मी फार वाचत असे. माझं गाव जामच्या बाजूचं. वडिलांच्या कापसाच्या गाडीवर, कापसात कमरेपर्यंत रुतून बसून मी हिंगणघाटपर्यंत वाचत जाई. पुस्तकं बहुतेक वाण्याच्या रद्दीतली, पुढची पानं पुड्या बांधायला गेलेली. गोष्ट कुठून सुरू झाली हे मला कधीच कळत नसे आणि त्याचं काही वाटतही नसे. पुढे मी शिक्षकांच्या प्रशिक्षणाला गेलो. तिथे प्रत्येक पुस्तकाचा सारांश काढायचा, मग बोध काढायचा, मग त्यावर पाठ घ्यायचा. दोन वर्षांत माझं वाचन सुटलं. कुणी सोडायला लावलं नव्हतं. जेवणावरची वासना जावी तसं ते गेलं.

कपाटाच्या किल्ल्या हातात आल्यावर मला पुन्हा वाचावंसं वाटू लागलं. कपाटात एकशे तेरा पुस्तकं होती. सरळ एखादं काढून वाचायला बसावं, एवढं साधं मला सुचलं नाही. आमच्या मुलखात माणसाला काही करावंसं वाटलं की तो आधी नेम धरी, आणि नेम चारचौघांत सांगितल्याशिवाय तो नेम झाला असं कुणी मानत नसे. दिवाळीची सुटी संपल्यावर पहिल्याच प्रार्थनेत माझं नाव आलं तेव्हा मी म्हणालो, "तार दोनशे चाळीस. पाने चाळीस." आणि वर्षभरात पन्नास पुस्तकं वाचण्याचा संकल्प जाहीर केला.

 मुख्याध्यापक मनाने फार सरळ गृहस्थ होते. जे चांगलं आहे ते मोजता येतं आणि मोजलं की वाढतं, असा त्यांचा विश्वास होता. सुताच्या बाबतीत तो खरा ठरला होता. ते म्हणाले, "ही उत्तम सूचना आहे." वास्तविक मी सूचना केलीच नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून सगळ्या शिक्षकांनी तारांच्या मागोमाग पानं सांगायची असं ठरलं आणि त्याची वही ठेवण्याचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

मग जे व्हायचं ते झालं. कताई-विणाई शिकवणारे उद्योगशिक्षक कपाटापुढे उभे राहून पुस्तकं उघडत आणि आतली अक्षरं किती मोठी आहेत ते पाहून निवड करत. शेतीचे शिक्षक कवितांकडे वळले, कारण कवितेच्या पानावर मजकूर कमी असतो. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं की चित्राचं पान धरायचं की नाही. मी धरायचं म्हणून सांगितलं, कारण मीही धरत होतो. मला लवकरच कळलं की संवादाची पानं भराभर सरतात आणि निसर्गवर्णन आलं की उडी मारता येते. दोन महिन्यांत माझ्या नावावर चौदा पुस्तकं लागली. मुलं माझ्याकडे आदराने पाहू लागली आणि मला ते आवडत होतं, हे कबूल करायला हवं.

स्वयंपाकाच्या बाईही प्रार्थनेला बसत. चाळिशीच्या असतील. नवरा नव्हता. मुलगा पुलगावला मिलमध्ये कामाला होता, आणि त्याची पत्रं पोस्टमन चौकात उभा राहून मोठ्याने वाचतो याचा राग येऊन त्या आमच्या प्रौढवर्गात अक्षरं शिकल्या होत्या. त्या वर्षी दसऱ्याला त्या नागपूरला जाऊन आल्या होत्या आणि आल्यावर घरातले देव त्यांनी उचलून ठेवले होते. तेव्हापासून प्रार्थनेला त्या बसत, पण हात जोडत नसत. मुख्याध्यापकांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. बाई सूत मात्र चोख कातत.

पुढे पानांचा नेम त्यांनाही लागू झाला, तेव्हा त्या कपाटाशी आल्या. मी त्यांच्यासाठी मुलांचं पातळ पुस्तक काढू लागलो. त्या म्हणाल्या, "थे नोको. मोठं देजा." मी एक कादंबरी दिली. नुकतीच मी ती दीड दिवसात संपवून वहीत दोनशे बारा पानं मांडली होती. भाऊ रुसून घर सोडून गेलेला असतो आणि त्याची बहीण एकटी त्याला शोधायला निघते, अशी ती गोष्ट. एवढं मला आठवत होतं.

बाई वाचू लागल्या. रोज दोन पानं, कधी तीन. चुलीवर डाळ शिजेपर्यंत उंबऱ्यात बसून, ओळीखाली बोट धरून वाचत. संध्याकाळी सांगत, "पाने दोन." पोरं तोंड लपवून हसत. उद्योगशिक्षक त्याच बैठकीत साठ म्हणत. बाई ना पोरांकडे पाहत, ना त्यांच्याकडे.

तेव्हा मला एक नियम सुचला. तो मलाच सुचला, मुख्याध्यापकांना नव्हे. आता दोष कुणावर ढकलावा म्हटलं तरी सोय नाही. पुस्तकं अडकून पडू नयेत म्हणून सलग आठ दिवस नवीन पान झालं नाही, तर पुस्तक परत घ्यावं, असं मी म्हणालो. ते लगेच मान्य झालं.

संत्र्याचा तोडा सुरू झाला त्या सुमारास एका संध्याकाळी बाई म्हणाल्या, "पान एक. कालचंच."

मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं. "कालचंच काऊन, बाई?" ते देशावरचे, पण हा एक शब्द त्यांनी आमच्याकडून उचलला होता.

"आवडलं. मून परत वाचलं."

ते विचारात पडले. मग म्हणाले की कातलेलं सूत उकलून पुन्हा कातलं तर आपण ते दुसऱ्यांदा धरत नाही. तेव्हा हेही धरता येणार नाही. मी बाईंच्या नावापुढे शून्य घातलं.

दुसऱ्या दिवशीही कालचंच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तेव्हा न राहवून विचारलं की त्या पानावर आहे तरी काय.

"थे पोरगी जाते ना भावाले धुंडाले," बाई म्हणाल्या, "तं दुपारच्या पारी एका घरी पानी मांगते. घरातली बाई येते, लोटा तिच्या हातात देते अन् बाजूले बसते. कोन हाय, कुठची हाय, काईच नाई इचारत. इचारते तं एवढंच, की पाय दुखून राह्यले का." त्या भाकरी थापत होत्या. "मी जलमभर पानी मांगलं, गुरुजी. असं कोनं नाई देल्लं. मून वाचून राह्यली."

मी बरं म्हणून बाहेर आलो. त्या पानाची मला पुसटशीही आठवण नव्हती. दुपारच्या उन्हाचं वर्णन असणार आणि मी तिथे उडी मारली असणार.

आठ दिवस भरले. नवव्या दिवशी दुपारी मी पुस्तक मागायला गेलो. बाई उंबऱ्यात वाचत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आज पुढं गेली मी. पाच पानं झाले. भावाच्या दारापाशी पोचली पोरगी." मी म्हणालो की आठ दिवस कालच भरले. माझ्याकडे आणखी दोघांनी ते पुस्तक मागितलं होतं. पण खरं कारण ते नव्हतं. नियम माझा होता आणि तो पहिल्यांदाच लागू होत होता. बाईंनी पदराला बोट पुसलं, पुस्तक मिटलं आणि दिलं. मग विचारलं, "तुमी तं वाचलं हाय. भाऊ दार उघडते का?"

मी वर पाहिलं. छपराच्या कवेलूंमधून उन्हाचे कवडसे पडले होते. मला काहीही आठवत नव्हतं. बहिणीचं नाव आठवत नव्हतं, भाऊ का रुसला होता तेही नाही. पन्नासातलं सोळावं पुस्तक एवढंच आठवत होतं.

"उघडते ना," मी म्हणालो. "भाऊच तो. नाई उघडून करते काय?"

बाई हूं म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. त्या संध्याकाळी नाव आल्यावर त्यांनी तार सांगितले. पानं सांगितली नाहीत. मुख्याध्यापकांनी थोडी वाट पाहिली आणि पुढचं नाव घेतलं.

पुस्तक उद्योगशिक्षकांनी नेलं आणि तीन दिवसांत परत आणलं. मी त्यांना सहज विचारलं की भाऊ दार उघडतो का. ते म्हणाले, "कोणता भाऊ?" मला हसू आलं. मग ते थांबलं, कारण दुसऱ्याला हसावं अशी माझी तरी कुठे अवस्था होती?

रविवारी सकाळी मी ते पुस्तक घेऊन बागेत गेलो. शेवट पाहून बाईंना सांगावा आणि मोकळं व्हावं, एवढाच विचार. शेवटचं पान उघडलं, पण तिथे कुणी एक म्हातारा गाडीचे बैल सोडत होता आणि तो कोण ते मला कळेना. दहा पानं मागे गेलो, तरी कळेना. शेवटी पहिल्या पानापासून सुरुवात केली. तोडणाऱ्या बायका आल्या, टोपल्या भरून गेल्या. त्यांतल्या एकीने माझ्यापुढे दोन संत्री टाकली, ती तशीच राहिली. पाण्याचं पान आलं. ते वाचलं, आणि मग मीही ते परत वाचलं. दुपारचं जेवण चुकलं. मी पुस्तक मिटलं तेव्हा प्रार्थनेची घंटा होत होती आणि मला कापसाच्या गाडीवरून हिंगणघाटला उतरल्यासारखं वाटत होतं. अंगात तीच ती गुंगी, कुठे आहोत ते पटकन न उमजणारी. मला फार आनंद झाला होता. इतक्या वर्षांनी तो मला ओळखू आला, याचाच आनंद अधिक होता.

आणि भाऊ दार उघडत नव्हता. दार त्याची बायको उघडते. तो त्याच सकाळी दुसऱ्या वाटेने बहिणीला आणायला निघून गेलेला असतो.

प्रार्थनेत माझं नाव आलं. मी तार सांगितले, रविवारचे थोडे होते. मुख्याध्यापक पानांसाठी थांबले. मी म्हणालो, "वाचलं. पण मोजलं नाही. आणि आधीचंच होतं."  वही माझ्याच मांडीवर होती म्हणून ते मलाच म्हणाले, "मग शून्य लिहा." मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बाई तांदूळ निवडत होत्या. मी म्हणालो की त्या दिवशी मी सांगितलं ते चूक होतं. मला आठवत नव्हतं आणि तसं सांगायची लाज वाटली.

"मले मालूम हाय," बाई म्हणाल्या.

"कसं?"

"तुमी वर पाह्यलं. पोट्टे धडा न करता येते तं असेच कवेलू पाह्यते."

 मी म्हणालो, "मग खरं काय होते ते सांगू?"

"सांगू नोका." त्यांनी सूप खाली ठेवलं आणि हात पुढे केला. "द्या."

मी पुस्तक दिलं. किती दिवसांसाठी ते सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. वहीत नोंद केली नाही. उद्योगशिक्षकांनी नियमाची आठवण करून दिली, तेव्हा नियम मी केला होता आणि मीच मोडला, असं त्यांना सांगितलं. उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत पानं सांगण्याची रीत आपोआप मागे पडली. आधी दोघे विसरले, मग चौघे. तार मात्र चालू राहिले.

बाईंनी पुस्तक चैत्रात परत आणलं. हळदीचे डाग पडले होते आणि एक पान इतरांपेक्षा मऊ झालं होतं. कसं वाटलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "वयनीनं बसवून घेतलं, थे चांगलं केलं. भाऊ येते वापस." मग कपाटाकडे पाहून म्हणाल्या, "दुसरं देजा. मोठंच."

ती वही अजून माझ्याकडे आहे. पन्नासांपैकी माझी एकतीस पुस्तकं तिच्यात लागली आहेत. त्यांतलं मला एकच आठवतं, आणि तेही ज्या दिवशी मी खरोखर वाचलं, त्या दिवशी माझ्या नावापुढे शून्य आहे. त्याच्या वर, बाईंच्या ओळीत, सलग आठ शून्यं आहेत. त्या आठ दिवसांत आमच्या शाळेत वाचणारं माणूस एकच होतं. शून्यं माझ्या अक्षरात आहेत, गोल आणि सुबक.