तुरीचं पुरण

धान्याचं रेशन उठलं त्या वर्षी, धुळवडीच्या सकाळी, डोंबिवलीतल्या आमच्या शेजारच्या निवृत्त पार्सल क्लार्कांनी बायकोच्या हातचं जेवण बंद केलं. वर्तमानपत्राच्या नोकरीत मला पुष्कळ संशयी माणसं भेटली. त्यांच्याएवढा कोणी भेटला नाही. चाळ त्यांना नाना म्हणे.

नानांची कंबर दहा वर्षं दुखत होती. तिला खाणं जबाबदार आहे, याबद्दल मात्र त्यांना शंका नव्हती. आयुष्यातली ही त्यांची एकच निःशंक गोष्ट असावी. कल्याणच्या पार्सल ऑफिसात त्यांनी उभी नोकरी काढली होती. कागदावर आंबे लिहिले असतील तर आत आंबे नाहीत असं धरून चालायचं, ही तिथली त्यांची पद्धत. हमालाने सांगितलेल्या वजनावर विश्वास नसल्यामुळे करंड्याही ते स्वतः उचलून काट्यावर चढवत. कंबरेचा त्या करंड्यांशी काही संबंध असेल का, असं मी एकदा विचारलं. "करंड्या सुटून चार वर्षं झाली," ते म्हणाले. "कंबर दुखतेच आहे. म्हणजे जे अजून सुटलेलं नाही, त्यात शोधायला हवं." त्या आठवड्यात त्यांच्या घरातून वाल गेले. मग वांगी गेली, बटाटे गेले, शेवटी हरभऱ्याची डाळ. वातूळ पदार्थ टाळा, असं ज्या वैद्यांनी सांगितलं होतं, तेच स्टेशनजवळ बटाटेवडा खाताना नानांना दिसले. तेव्हापासून वैद्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला, पथ्यावरचा वाढला.

समोरच्या बिऱ्हाडातल्या मुंजीत त्यांनी भर पंगतीत बुंदीचा लाडू फोडून हुंगला आणि आचाऱ्याला बोलावून घेतलं. "यात हरभऱ्याची डाळ आहे."

"नाना, बेसनाशिवाय बुंदी पाडून दाखवा," आचारी म्हणाला, "उद्यापासून मी तुमच्या हाताखाली." पंगत हसली. नाना हसले नाहीत. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, यांनी घरी आल्यावर त्यांना रव्याचे लाडू वळून दिले.

होळीला काकूंनी पुरण तुरीच्या डाळीचं शिजवलं. नानांनी तीन पोळ्या खाल्ल्या. सकाळी कंबर धरली. पाहुण्यांसाठी ठेवलेला हरभऱ्याच्या डाळीचा डबा त्यांनी फडताळातून काढला. डाळ कुठवर आहे, याची पेन्सिलीची खूण त्यांनी आतून केलेली होती. डाळ खुणेच्या खाली होती.

"हे काय?"

"शेजारी वाटीभर दिली. त्यांना पुरणाला कमी पडली."

"दिली, की शिजवली?"

ती वाटी आमच्या घरी आली होती. मी जाऊन तसं सांगितलं. "तुम्ही साक्ष देणारच," नाना म्हणाले. "पोळ्या तुमच्याकडेही झाल्यात." त्यानंतर, तिच्या हातचं मी यापुढे खाणार नाही, हे त्यांनी मला सांगितलं, काकू समोरच उभ्या होत्या.

"तीस वर्षं तुमच्या जिभेकडे बघून रांधतेय," काकू म्हणाल्या. "आता तुम्हीच रांधा. मी दादाकडे चालले." दुपारी त्या कल्याणला पारनाक्याजवळ भावाकडे गेल्या. दोन दिवसांनी भावाचा निरोप आला: नाना स्वतः येऊन चूक कबूल करत नाहीत, तोवर ती येणार नाही.

नाना मुगाची खिचडी करू लागले. मूग त्यांनी निवडलेले, पाणी त्यांनी भरलेलं, भांडी त्यांनी घासलेली. पाचव्या दिवशी त्यांनी भिंतीवर ठोकून मला बोलावलं. चुलीपुढून त्यांना उठता येत नव्हतं. मी त्यांना खाटेवर आणलं.

"आज काय खाल्लंत?"

"खिचडी. पाच दिवस खिचडीच. दुसरं काही नाही." त्यांनी कंबरेखाली उशी ओढली. "सगळं मीच केलं हो. आता बोल लावायचा कुणाला?"

मी चूल विझवून आलो.

"तिने तुरीचीच घातली असणार."

"असणार?"

"घातली होती," नाना म्हणाले.

रविवारी मी त्यांना कल्याणला घेऊन गेलो. मेहुण्यांनी दारातच म्हटलं, "या नाना. काय काय चालत नाही तेवढं सांगा, म्हणजे आत वर्दी देतो." नाना चपला काढून आत गेले. जेवायची वेळ होती. काकूंनी पानं वाढली, नवऱ्याचंही वाढलं, आणि त्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"डाळ तुरीचीच होती," नाना पानाकडे पाहत म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेलं.

"भात निवतोय," काकू म्हणाल्या.

आमटी कसली आहे, हे नानांनी विचारलं नाही. भात त्यांनी दोनदा मागून घेतला. जेवण झाल्यावर त्यांना पाटावरून उठता येईना. मेहुणे पुढे झाले. नानांनी मान हलवून त्यांना थांबवलं आणि काकूंकडे पाहिलं. काकूंनी हात पुढे केला. संध्याकाळी दोघं डोंबिवलीला परतले.