फ्रेंच नेमबाजाचा जाहीर सत्कार

पिस्तुलाने कागदाला भोक पाडणारा माणूस रानडुक्करही मारतो, असं मी तांड्यावर जाहीर करून टाकलं. चूक माझीच.

साठ-एकसष्टची गोष्ट. राजूरच्या कोळसा खाणीत मी कारकून होतो आणि तो फ्रान्सहून पाणी उपसायचे पंप बसवायला आलेला साहेब. पंप बसवलेही असतील. आम्हाला दिसली ती पदकं. मखमली पेटी सदा बगलेत. चहाला बोलवा, पेटी उघडली. कुणाच्या घरी बारसं असो, पेटी उघडली. "पारीस, पहला. लियाँ, पहला," असं मोडक्या हिंदीत सांगायचा आणि दुसऱ्या नंबरचं पदक पालथं घालून ठेवायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. फक्त त्यांच्याकडे पिस्तूल नसतं.

त्याचा पवित्रा ठरलेला. अंग आडवं, डावा हात पँटच्या खिशात, उजवा ताठ. मग जगाला हुकूम, "चूप! सब चूप!" खाणीमागच्या पुठ्ठ्यावर नेम धरताना तो लोहाराचा घणसुद्धा थांबवायचा. एकदा कोंबडा आरवला तर माझ्याकडेच डोळे वटारले. कोंबडा माझा नव्हता, तरी मी माफी मागितली.

त्या साली जवळच्या बंजारा तांड्याच्या नायकाची ज्वारी हुरड्यात आली होती आणि रानडुकरं ती आडवी करत होती. वर्षभर खायला घरात तेवढीच. नायकाने विचारलं, "बाबूजी, तुमचा सायब मारन का डुक्कर?"

"नायक, विचारता काय! पेटीभर पदकं आहेत त्याच्याकडे."

आणि शिकारीच्या आधीच मी सत्कार ठेवला. शाल, हार, नारळ. नारळ आणायला नायकालाच धाडलं. भाषण अर्थात माझं. साहेब दर टाळीला मान झुकवायचा. टाळ्या थांबल्या तरी झुकवतच राहिला.

मग हाका झाला. सारा तांडा डबे बडवत ज्वारीत शिरला. डुक्कर बरोबर साहेबासमोर निघालं. त्याने एक हात खिशात घातला, दुसऱ्याने पिस्तूल उचललं, श्वास रोखला आणि हात खाली घेतला.

"काय झालं?" मी ओरडलो.

"ठीक नहीं आया. फिर से."

स्पर्धेत तसंच करतात म्हणे. नेम मनासारखा जमला नाही तर हात खाली, दम घ्यायचा, पुन्हा उचलायचा. कागद थांबतो. "चूप! सब चूप!" साहेब डुकरावर खेकसला. डुक्कर त्याच्या पायाजवळून वळून पुन्हा ज्वारीत, त्याच्यामागे अख्खा तांडा आणि तांड्यामागे मी.

परत आलो तर साहेब अजून त्याच पवित्र्यात, रिकाम्या रानावर नेम धरून उभा होता. क्षणभर कीव आली. तेवढ्यात त्याने विचारलं, "फोटो निकाला?" आणि शाल सावरत जीपमध्ये बसून निघून गेला.

नायकाची बायको तुडवलेल्या ज्वारीतून कणसं वेचत होती. मी म्हणालो, "बाई, पुढच्या खेपेला दुसरा कुणी आणतो."

तिने मान वर केली नाही.

"नका आणू, बाबूजी. डुक्कर अर्धी तरी ठेवत होतं. तुमच्यापरीस डुक्कर बरं."