तीन राजे पोचेपर्यंत

दुकानात कागदाचा लाल तारा दिसला की बिरवाडीच्या चाळीतली नव्या वर्षाची ती पहिली संध्याकाळ आठवते. शेजारी वसईची ख्रिस्ती नर्स राहायची. तिच्या दारावरचा नाताळचा तारा अजून पेटत होता. “सण सरला ना गो, उतरव की आता,” आई म्हणाली. “नाय काकी, तीन राजे बाळ येशूपाशी पोचेपर्यंत, सहा तारखेपर्यंत ठेवायचा. वाटेतल्या माणसाला दिसायला नको?” “म्हणजे आमचा कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत असतो, तसंच हे,” आई हसली, आणि रसायनांच्या कारखान्याचा भोंगा अवेळी वाजू लागला. तो थांबेचना. घशाला झोंबणारा वास गल्लीत उतरला. वडील तिथेच पाळीवर होते. नर्सने आम्हाला आपल्या खोलीत घेतलं, तोंडावर ओले पंचे बांधले, दार घट्ट लावलं. बाहेरचा तारा मात्र तसाच पेटता ठेवला. चाळीतले बाकीचे कामगार एकेक करून परतले. वडिलांना परस्पर मुंबईच्या इस्पितळात नेल्याचं उशिरा कळलं. सहा जानेवारीला नर्स तारा काढायला स्टुलावर चढली, तेव्हा आईनेच तिचा हात धरला. “राहू दे गो. आमचं माणूस अजून वाटेत हाय.” वडील आले नाहीत. आता माझ्याही दारावर तारा असतो, आणि जानेवारी सरला तरी तो उतरवायला माझा हात उठत नाही.